खेमराजच्या नावाचं ताट

"पुष्पा, बाहेर पाहुणे बसून राहिले वो. त्याईले पानी नेऊन दे."

शकुंतलाबाईंनी आतल्या खोलीतून हाक दिली तेव्हा पुष्पाबाई परसात भांडी घासत होती. सकाळी सकाळी कोण टपकलं, असं पुटपुटत तिनं राखेचे हात धुतले, तांब्या भरला, पदर सारखा केला आणि ओसरीवर आली. ओसरीवर पाहुणे नव्हते. तिचा नवरा खेमराज खुर्चीवर ताठ बसून बुटांना पॉलिश करत होता. मान खाली, ब्रश एका लयीत चाललेला. त्यानं वर पाहिलं, हसला आणि तिच्या हातातला तांब्या घेतला.

"थँक यू, पुष्पा," तो म्हणाला.

पुष्पाबाई आत गेली. "कोनी पाहुणे नाही माय. हे हायेत."

"हे कोन?"

"नीतूचे बाबा. तुमचा लेक."

म्हातारीनं थोडा वेळ कान दिला. बाहेर ब्रश चालूच होता. मग पोराची समजूत घालावी तसं ती म्हणाली, "बरं. खेमराज येईपर्यंत बसू दे त्याईले. चाय पाज."

शकुंतलाबाईंची नजर गेली होती, अक्कल जागेवर होती. दूधवाल्याची चप्पल, शेजारच्या शामकलाच्या बांगड्या, इतकंच काय, परसात शिरलेली गाय कोणाची हेसुद्धा त्या खाटेवरून नुसत्या आवाजावर सांगायच्या. म्हणून पुष्पाबाईला त्यांचं बोलणं हसण्यावारी नेता आलं नाही. कारण गेले काही दिवस तिलाही तेच वाटत होतं आणि तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? नवरा सुधारला म्हणून बायको रडते, हे ऐकून मुर्री गावातल्या बायकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

खेमराज असा नव्हताच. गोंदियाच्या बाजारात दुर्गाप्रसाद शेठजींचं कूलर-फ्रिजचं दुकान आहे. मिसरूड फुटल्यापासून तो तिथं विक्रीला उभा राहायचा. विक्रीला असं म्हणायचं आपलं. बोलताना तो अडखळायचा. 'प' आणि 'म' तर त्याचे जन्माचे वैरी. बायकोचं नाव पुष्पा आणि आईला हाक मारायची तर 'माय', म्हणजे देवानं थट्टा करायची ठरवलीच होती. बायकोला तो नावानं हाक मारतच नसे. दाराची कडी दोनदा वाजवायचा, की पुष्पाबाई समजून जायची. गिऱ्हाइकासमोर कडी कुठून आणणार? त्यातून स्वभाव असा की खोटं जिभेवर चढत नसे. एखादी म्हातारी कूलर बघायला आली की हा आधी विचारायचा, घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, का स्लॅबचं. ती कवेलूचं म्हणाली की संपलं. "म-मंग कायले घेता? वाळ्याचा प-पडदा बांधा, पानी मारा. थंडं राहते."

शेठजी कपाळावर हात मारून घेत. "खेमराज, तू मेरी दुकान चला रहा है कि सामनेवाले की?"

दुकानातली पोरं त्याच्या अडखळण्याची नक्कल करत. तो हसायचा. नेहमीच हसायचा, म्हणून कोणाला त्यात काही वाटत नसे. पुष्पाबाईलाही नाही. ती त्याचं अडकलेलं वाक्य चटकन पुरं करून टाकायची आणि तिला वाटायचं, ही आपली माया.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी शेठजींनी दुकानातल्या सगळ्यांना एका शिबिराला पाठवलं. यशस्वी माणसाच्या सवयी शिकवायला ओमेश सर म्हणून कोणी नागपूरहून आले होते. खेमराज घरी परतला तो निराळाच चेहरा घेऊन. जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं, आणि त्याच्या गतीनं सांगितलं म्हणजे भात थंड झाला. सर म्हणाले, प्रत्येकाच्या आत एक यशस्वी माणूस असतो. तो कसा चालतो, कसा बोलतो, कधी उठतो, ते ठरवा. सूर्याच्या आधी उठा. थंड पाण्यानं आंघोळ करा. आरशापुढे उभं राहून त्याच्या आवाजात बोला. घरात जेवायच्या टेबलाशी त्याच्यासाठी एक रिकामी खुर्ची राखून ठेवा. तो येणार आहे, नव्हे, आलाच आहे, असं समजून वागा.

"आनि ज-जुन्या मानसाले रोज सांगा म्हनते, का बाबा, तू आता जा."

"कुठं जाईल तो?" पुष्पाबाईनं हसत विचारलं.

ते काही सरांनी सांगितलं नव्हतं.

आता या घरात जेवायला खुर्ची नाही. जमिनीवर मांडी घालून जेवणारी माणसं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्चीऐवजी पाट मांडला आणि पाटापुढे रिकामं ताट ठेवलं. जागा निवडली ती चौरीपुढची, कारण स्वयंपाकघरात तेवढीच मोकळी होती. चौरी म्हणजे चुलीच्या अंगाला असलेला मातीचा लहानसा ओटा. घरातली गेलेली माणसं तिथं राहतात, असं ही माणसं मानतात. ज्यांनी गावोगावी तलाव बांधले ते जुने पूर्वज तिथं, आणि शकुंतलाबाईंचे मालक, म्हणजे खेमराजचे वडील, दुलीचंदही तिथंच. सणावाराला त्यांचं ताट चौरीपुढे मांडायचं, भोवती पाणी फिरवायचं आणि नाव घेऊन जेवायला बोलवायचं. घरात नसलेल्याचं ताट त्या जागी मांडतात ते फक्त मेलेल्याचं. खेमराजला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुरुषांना असल्या गोष्टी माहीत असतात आणि लक्षात नसतात.

तो दुकानात निघून गेला. पुष्पाबाई ताट उचलायला वाकली, तेवढ्यात शकुंतलाबाई भिंत चाचपत आत आल्या आणि त्यांचा पाय ताटाला लागला.

"चौरीपुढं ताट मांडलं का वो? कोनाचं?"

"कोनाचं नाही माय. यायनं उगाच ठेवलं."

"उगाच?" म्हातारी खाली बसली. ताटाची कड तिनं बोटांनी चाचपली. "चौरीपुढचं ताट रिकामं उचलू नये पुष्पा. आलेलं मानूस उपाशी फिरते. भात वाढ. पानी फिरव. ज्याचं हाये त्याचं नाव घे."

पुष्पाबाईनं भात वाढला, वर वरण घातलं. नावापाशी मात्र ती अडली. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ती कार्ड पुढे करून म्हणायची, वाचून घ्या. पण म्हातारी शेजारी बसून होती, ताट रिकामं उचलायचं नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणाचं नव्हतंच. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं आणि हळूच म्हणाली, "खेमराज, ये. जेव."

जिवंत नवऱ्याला तिनं मेलेल्यांच्या जागेवर जेवायला बोलावलं. एवढंच झालं. चूक म्हणाल तर चूक, पण त्या घरातल्या कोणत्याही सुनेनं त्या वेळी तेच केलं असतं.

त्या संध्याकाळी ती अंगणात वाळवण गोळा करत होती. मागून हाक आली, "पुष्पा." स्वच्छ हाक, कुठं अडकलेली नाही की तुटलेली नाही. ती जागची हललीच नाही, कारण तिला त्या आवाजात हाक मारणारं कोणी नव्हतं. पुन्हा हाक आली तेव्हा तिनं वळून पाहिलं. दारात खेमराज उभा होता. तोच शर्ट, तीच डबा ठेवायची पिशवी. तिला आनंद व्हायला हवा होता. ती वाळवण छातीशी धरून एक पाऊल मागं सरकली.

पुढं सगळं भराभर झालं. अडखळणं गेलं. त्याबरोबर बोलीही गेली. काऊन, कायले, मले, तुले, सगळं जाऊन त्याच्या तोंडी पुस्तकातली मराठी आली. तो पहाटे उठे, भिजवलेले बदाम खाई, दुपारच्या उन्हातून सायकलनं येई आणि त्याची बगलसुद्धा ओली नसे. झोपायचा तो ज्या कुशीवर झोपे त्याच कुशीवर उठायचा. पाट आणि ताट त्यानं पुन्हा मांडलं नाही. गरजच नव्हती. आरशापुढे मात्र रोज उभा राहायचा. एकदा पहाटे पुष्पाबाईला जाग आली. तो आरशाला सांगत होता, "आता तू जा." रागानं नाही, अगदी अदबीनं. मग उत्तर ऐकावं तसा थांबला आणि त्यानं मान हलवली.

दुकानात तो एकदम वर चढला. शामकला कौतुक करून गेली, "नशीब काढलं बाई तुनं. आमच्या घरच्याईले बी त्या सराकडं धाडतो मी." लेक नीतू भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. तिनं फोनवर सांगितलं, "आई, बाबा किती मस्त बोलतात आता. मैत्रिणींशी पण बोलले. मला आधी फोन द्यायची लाज वाटायची ना." पुष्पाबाई हो म्हणाली. लेकीला लाज वाटायची हे तिला त्या दिवशी कळलं.

आईची सेवाही तो चुकवत नव्हता. जुना खेमराज रोज संध्याकाळी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल आईच्या पायांना लावायचा, तसाच हाही लावायला बसला. उलट याचा हात जास्त सफाईदार. पण शकुंतलाबाईंनी पाय आखडून घेतले.

"राहू द्या जी," त्या संकोचून म्हणाल्या. "पाहुण्यानं पाय धरू नये."

आणि दुपारी, तो दुकानात असताना, घरात कोणी नसताना, पुष्पाबाई चुलीपाशी बसलेली असली की कडी दोनदा वाजायची. दाराची नव्हे. दाराशी ती उठून बघायची, तिथं कोणी नसे. आवाज चौरीकडून यायचा. चौरीला कडी नाही.

मे महिन्यात ती एकदा डबा घेऊन दुकानात गेली. देवरीकडचं एक म्हातारं जोडपं टेबलफॅन घ्यायला आलं होतं आणि खेमराज त्यांना मोठा दोन दारांचा फ्रिज दाखवत होता.

"आमच्या इकडं लाईन राहत नाही जी," म्हातारा सांगत होता.

"काका, फ्रिज काय फक्त पाणी गार करायला असतो? उद्या सोयरे दारात आले की त्यांना आधी काय दिसणार?" खेमराज म्हणाला. म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पदर तोंडाला लावला. शेवटी फ्रिज ठरला. पंखा राहूनच गेला.

मग खेमराज पुष्पाबाईकडे वळला. तेच हसू, तोच आवाज. "या, बसा. काय दाखवू?"

तिनं हातातला डबा वर धरला. तरी त्याला एक क्षण लागला. "अरे, पुष्पा," तो म्हणाला. "डबा आणलास? छान."

शेठजी गल्ल्यावरून उठून आले. "भाभीजी, हीरा हो गया है आपका आदमी. देवरी में हाइवे पे नई ब्रांच खोल रहा हूँ. मैनेजर यही रहेगा."

घरी आल्यावर खेमराजनं बेत सांगितला. देवरीला घर पाहिलं आहे. आपण दोघांनी जायचं. आईला मुर्रीतच ठेवायचं, एक बाई लावून देऊ. "म्हाताऱ्या माणसाला नव्या जागेत नेलं की कामात अडथळा होतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठं कडवटपणा नव्हता. बस कितीला आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

पुष्पाबाईला तेव्हा कळून चुकलं की आता हातपाय हलवले नाहीत तर आपला माणूस कायमचा गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याची आईही. खेमराजनं आईला कधी एका रात्रीसाठी सोडलं नव्हतं. प्रतापगडच्या जत्रेला गेला तरी तो संध्याकाळच्या बसनं परत यायचा.

ओमेश सर पुन्हा गोंदियाला आले तेव्हा ती हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शिबिर सुटलं. लोकांच्या गराड्यातून सर बाहेर आले. चांगले होते दिसायला, वागायलाही. तिला पाहून थांबले.

"सर, तुमी शिकवलं का जुन्या मानसाले जा म्हना. आमच्या घरचा गेला. तो कुठं गेला ते सांगा."

सर हसले. "वहिनी, ही तर आनंदाची गोष्ट आहे. खेमराजजी आमचे सगळ्यात चांगले विद्यार्थी."

"हाये आनंदाची. पन मले त्याच्यासंग एक डाव बोलाचं होतं."

सरांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, ड्रायव्हर दार उघडून उभा होता. "माझी बायकोही असंच विचारायची," ते म्हणाले.

"मंग?"

"आता नाही विचारत."

"सापडला का तिले?"

सर उघड्या दाराकडे वळले. मग गाडीत बसले आणि काच वर करता करता म्हणाले, "सवय होते, वहिनी."

मुर्रीला परत येताना पुष्पाबाईनं मनाशी ठरवलं. ज्या दारातून एक आत आला, त्याच दारातून दुसरा बाहेर गेला असेल. चौरीपुढं ताट वाढून दार आपणच उघडलं, आपणच पुन्हा उघडू.

देवरीला जायच्या दिवशी सामान बांधून ओसरीवर आलं होतं. बाराच्या सुमारास खेमराज शेठजींकडून किल्ल्या आणायला गेला. पुष्पाबाईनं तेवढ्यात स्वयंपाक केला, जुन्या खेमराजच्या आवडीचा. वाळवलेल्या लाखोळीच्या पाल्याची भाजी, आणि भात मुद्दाम बुडाला लागू दिला, कारण त्याला खरवड लागायची. चौरीपुढे पाट मांडला, ताट वाढलं, पाणी फिरवलं. या वेळी तिचा आवाज हळू नव्हता. "खेमराज, या जी. जेवा."

काही झालं नाही. बाहेर ऊन भाजत होतं. ती भिंतीला टेकून बसली.

जरा वेळानं ओसरीवर बूट वाजले. खेमराज आत आला, त्यानं वाढलेलं ताट पाहिलं. "वा, वाढूनच ठेवलंस," म्हणाला, हात धुतले आणि पाटावर बसला. पुष्पाबाई नको म्हणणार होती. तोवर त्यानं भात कालवला होता.

त्यानं पहिला घास नीटनेटका घेतला. दुसरा घेताना हात सावकाश झाला. तिसऱ्याला त्यानं खरवडीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि बोट ताटाच्या कडेला पुसलं. पाठ वाकली. कपाळावर घाम आला. त्यानं मान वर केली, आणि त्याचे ओठ मिटून थरथरू लागले.

"प... प... प..."

पुष्पाबाई गुडघ्यावर सरकत त्याच्यापाशी आली. "पुष्पा" हे नाव तिच्या जिभेवर होतं, सवयीनं ती पुरं करणार होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली.

"पु-ष्पा," त्याचं त्यानंच म्हटलं. बराच वेळ लागला.

"बोला जी. मी हावो इथंच."

"मले... ब-बलावू नको वो."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काऊन? घर तुमचं हाये. तो परका मानूस बसून राहिला तुमच्या जाग्यावर."

त्यानं मान हलवली. "तिथं ब-बरं हाये. कोनी हा-हासत नाही." श्वास घ्यायला तो थांबला. "दुकानात हासत. न-नीतू हासे. तू बी... तू म-माझं बोलनं तोडत जाय."

"मी तं मदत करत होती," पुष्पाबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. या माणसाच्या हसण्यावर तिनं सगळी वर्षं काढली होती आणि तो हसत का होता हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला जायला कोणी लावलं नव्हतं. जा म्हणणारं कोणी भेटलं तेव्हा तो सुटल्यासारखा निघून गेला होता.

"तिथं एकटेच राहता का जी?"

"बाबा हा-हायेत ना," तो म्हणाला, जसं काही दुलीचंद शेजारच्या खोलीत होते. मग त्यानं तिच्या हातावर आपला उष्टा हात ठेवला. तो ऊन होता. "त्याले राहू दे. तो चालवते च-चांगलं. फक्त म-मायले सोडू नको."

आतल्या खोलीतून खाट कुरकुरली. "खेमराज, आला का रे?"

त्याचं सगळं अंग त्या आवाजाकडे वळलं. पण तो उठला नाही. "हो, म-माय," तो म्हणाला. "जाऊन राहिलो."

घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. शकुंतलाबाईंना ते कळलं. आतून खाट पुन्हा कुरकुरली. मग त्या म्हणाल्या, "जा बापू. सावकास जाजो."

पुष्पाबाईच्या हातावरचा हात थंड झाला. खेमराजनं पाठ ताठ केली, रुमालानं कपाळ पुसलं आणि ताटाकडे पाहिलं. "भाजी जरा तिखट झाली, पुष्पा," तो म्हणाला. "चार वाजता गाडी येईल. तुझी बॅग झाली?"

"मी येत नाही," तिनं सांगितलं. "तुमी जा. मी मायजवळ राहीन."

"ठीक आहे. रविवारी येत जाईन," म्हणून तो हात धुवायला उठला. भांडण नाही, तंटा नाही. ते झालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

पुष्पाबाई परसात विहिरीवर गेली. घरचं माणूस गेल्याची खबर आली की बाईनं नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही रीत. तिनं बादली शेंदली आणि डोक्यावर ओतली. केस सुटले, लुगडं अंगाला चिकटलं. शामकला कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "काय वो, लय गरम होऊन राहिलं का?" पुष्पाबाईनं मान हलवली. कुठल्या तोंडानं सांगणार? ज्याचं सुतक धरायचं तो ओसरीवर सामान मोजत उभा.

मागून काठी टेकत शकुंतलाबाई आल्या. पाण्याच्या आवाजावर त्या नेमक्या विहिरीपाशी येऊन थांबल्या आणि ओल्या फरशीवर बसल्या. "माझ्याही डोस्क्यावर टाक वो," त्या म्हणाल्या.

पुष्पाबाईनं तांब्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांवर पाणी घातलं. म्हातारी डोळे मिटून बसली होती. डोळे उघडे असते तरी फरक पडला नसता, पण तिनं मिटले होते. बादली रिकामी झाली.

खेमराज परसदारी आला. नवा शर्ट, हातात बॅग. "ही कसली आंघोळ भर दुपारी? काय झालं?"

"घरचं मानूस गेलं जी," शकुंतलाबाईंनी सांगितलं.

तो पायरीवर थांबला.

"कधी?" त्यानं विचारलं.

"आत्ताच."

त्यानं बॅग खाली ठेवली, बूट काढले, बाह्या वर सारल्या. रिकामी बादली विहिरीत सोडली, भरून वर ओढली आणि पुष्पाबाईच्या पायाशी आणून ठेवली. मग पाठ करून तो त्या दोघींचं आटोपेपर्यंत दाराशी उभा राहिला. कोण गेलं, ते त्यानं विचारलं नाही.